संघ आहे, देश नाही! – युरोपातल्या अल्पसंख्याकांचं फुटबॉल

हिवाळी_पाहुणा

नऊ वर्षं झाली ड्रेस्डेनला येऊन. ऑफिसात माझ्या समोर बसणारा सहकारी बाउट्सेनजवळच्या एका खेड्यातला. एकदा तो फोनवर आईशी बोलत होता. माझं जर्मन बेताचंच, पण हे जर्मन नाही एवढं नक्की कळलं. विचारलं, पोलिश का? म्हणाला, "नाही रे, सोर्बियन."

तोवर मला हे लोक आहेत हेच ठाऊक नव्हतं. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागात राहणारे स्लाव्ह, साधारण ६० हजार. बाउट्सेन स्टेशनवर पाटी दुहेरी आहे, बाउट्सेन आणि त्याखाली बुदिशिन. सॅक्सनीचे २००८ ते २०१७ या काळातले मुख्यमंत्री स्तानिस्लाव्ह टिलिख हेही सोर्बच.

मागच्या महिन्यात त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. जिन्यात एक फुटबॉल संघाचा फोटो. मला वाटलं गावचा क्लब असेल. तर तो निघाला सोर्ब लोकांचा संघ! २०१२ साली लाउझित्समध्ये 'युरोपिआडा' झाली होती. युरोपातल्या भाषिक अल्पसंख्याकांची ही फुटबॉल स्पर्धा साधारण दर चार वर्षांनी, युरो चषकाच्याच हंगामात होते. पहिली २००८ साली स्वित्झर्लंडमध्ये रोमान्श भाषकांनी भरवली. मागे आयोजक म्हणून १९४९ साली स्थापन झालेला युरोपीय अल्पसंख्याकांचा महासंघ आहे. सामने मोठ्या स्टेडियमवर नाहीत, खेड्यापाड्यांतल्या मैदानांवर. सहकारी संघात नव्हता, तो सॉसेज भाजायच्या स्टॉलवर होता. पण सांगताना चेहरा असा, की अंतिम गोल यानेच मारलाय.

तर प्रश्न असा. हा संघ नक्की कोणाचा? देशाचा नाही, क्लबही नाही. असे संघ कुणी पाहिलेत का? आणि तुम्हाला काय वाटतं, ही भाषेची जत्रा आहे की पुढेमागे वेगळा देश मागायची रंगीत तालीम?

---

टिंबटिंब

शीर्षकात 'संघ' वाचून धावत आलो. निघाला फुटबॉलचा. परत चाललो.

---

कोकमसार

@टिंबटिंब, मी पॉपकॉर्नसुद्धा आणले होते हो :)

धागा छान. पण सोर्ब म्हणजे सर्ब का? नावावरून गोंधळ होतोय.

---

हिवाळी_पाहुणा

@कोकमसार, नाही, पण गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. ते स्वतःला 'सेर्ब्या' म्हणवतात. सर्बियाशी त्यांचा संबंध फार जुना, नावापुरता. सहकारी म्हणतो, आयुष्यातला अर्धा वेळ हेच समजावण्यात जातो.

---

ऑफसाइड_अण्णा

मान्यता नसलेल्या संघांचं फुटबॉल हा माझा जुना छंद, त्यामुळे थोडं लांबणार.

युरोपिआडा हा यातला सभ्य कोपरा. तिथे दादागिरी दक्षिण टायरॉलची. २००८, २०१२ आणि २०१६, पहिल्या तिन्ही वेळा पुरुषांचा चषक त्यांनीच नेला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलेला हा डोंगरी प्रदेश. २०११ च्या जनगणनेत तिथल्या साधारण ६९ टक्के लोकांनी आपला भाषागट जर्मन नोंदवला. शिवाय लादिन भाषकही आहेत, साडेचार टक्के.

दुसरा कोपरा जरा रंगेल. २००६ साली फिफाबाहेरच्या संघांचा 'विवा विश्वचषक' दक्षिण फ्रान्समध्ये, ऑक्सितानियाने भरवला. चार संघ येणार होते, दक्षिण कॅमेरून पोचलाच नाही. म्हणजे तीन संघांचा विश्वचषक! अंतिम सामन्यात सापमीने, म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांच्या संघाने, मोनाकोला २१–१ असं धुतलं. वाचण्यात चूक नाही, एकवीस–एक. त्या सापमी संघातला टॉम हॉग्ली पुढे नॉर्वेकडून खेळला.

त्या परंपरेतून २०१३ मध्ये 'कोनिफा' ही संघटना उभी राहिली. तिचा पहिला विश्वचषक २०१४ साली स्वीडनमध्ये ऑस्टरसुंडला, यजमान परत सापमी. अंतिम सामन्यात नीस परगण्याने आइल ऑफ मॅनला पेनल्टीवर हरवलं. तिथले लोक आपल्या बेटाला 'एलन व्हॅनिन' म्हणतात आणि संघही त्याच नावाने खेळला.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर: जत्राही आहे आणि तालीमही आहे. संघागणिक बदलतं.

---

भटकभवानी

२१–१ !!! मोनाकोचा गोलकीपर राजवाड्यात परत कसा गेला असेल :D

---

सोडरतेल्येची_सून

अण्णांचा प्रतिसाद आवडला. माझा अनुभव क्लबचा आहे, निवडक संघाचा नाही, पण धाग्यात बसेल.

मी स्टॉकहोमजवळ सोडरतेल्येला राहते. तुर्कस्तान, सीरिया, इराकमधून आलेल्या अश्शूरी ख्रिस्ती लोकांचं हे गाव म्हणायला हरकत नाही. बेकरीत, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी त्यांची भाषा कानावर पडते. त्यांचा क्लब अश्शूरिस्का १९७० च्या दशकात स्थलांतरितांनी सुरू केला आणि २००५ साली स्वीडनच्या पहिल्या श्रेणीत, ऑल्स्वेन्स्कानमध्ये खेळला. एकच हंगाम टिकले, पण ज्यांना देश नाही त्या लोकांना तो राष्ट्रीय संघच वाटत होता. अमेरिकेतले, ऑस्ट्रेलियातले अश्शूरी यांचे सामने बघायचे म्हणे.

आता गंमत. त्याच गावात दुसरा क्लब आहे, सिरियान्स्का. तोही २०११ ते २०१३ पहिल्या श्रेणीत होता. लोक तेच, चर्च तेच, भाषा तीच. भांडण कशावरून? स्वतःला 'अश्शूरी' म्हणायचं की 'सिरियान' यावरून! मैदानही दोघांना एकच. यांच्या आपापसातल्या सामन्याला माझे मिस्टर एकदा गेले आणि येऊन म्हणाले, "अगं, अगदी घरी गेल्यासारखं वाटलं. दोन माणसं आणि तीन मंडळं."

---

टिंबटिंब

परत आलो. मिस्टरांना साष्टांग दंडवत.

---

मळ्यातला_मास्तर

मला हा सगळा प्रकार मुळातच पटत नाही. खेळाने माणसं जोडावीत. इथे उलट भाषेचं कुंपण घातलंय. उद्या प्रत्येक बोलीचा संघ काढा, मालवणी विरुद्ध अहिराणी सामने घ्या.

---

कोकमसार

मास्तर, मालवणी विरुद्ध अहिराणी सामना असेल तर मी तिकीट काढून येईन. रेफ्रीला दोन्हीकडच्या शिव्या कळायला हव्यात ही एकच अट.

---

ऑफसाइड_अण्णा

@मास्तर, तुमचा आक्षेप काही ठिकाणी अगदी बरोबर लागू पडतो. पादानियाचं उदाहरण घ्या. उत्तर इटलीचं हे 'राष्ट्र' प्रामुख्याने एका राजकीय पक्षाच्या प्रचारातून जन्मलं. भाषा एक नाही, इतिहास एक नाही. तरी संघ मात्र तगडा, २००८, २००९ आणि २०१० असे ओळीने तीन विवा चषक त्यांचे. आणि नियतीची थट्टा बघा. हा पक्ष स्थलांतरितांविरुद्ध बोलून मोठा झाला, आणि पुढे त्या संघातून खेळला कोण? घानाच्या आईबापांचा मुलगा, मारिओ बालोटेलीचा सख्खा भाऊ एनॉक बारवुआ.

---

बेळगावचा_पावणा

मास्तर, कुंपण घालणारा वेगळा आणि कुंपणाच्या चुकीच्या बाजूला जन्मलेला वेगळा. आमच्याकडं या अन् बघा. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि कुणी विचारलं 'तुम्ही कुठले' तर उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचा चेहरा बघायचा. सोर्ब माणसाची आईशी फोनवरची भाषा मला न ऐकताच कळली.

---

मळ्यातला_मास्तर

पावणे, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण मग १९५६...

---

हिवाळी_पाहुणा

हात जोडून विनंती, सीमाप्रश्न इथे नको. त्यावर या संस्थळावर ११ धागे आहेत आणि त्यातले ४ कुलूपबंद आहेत.

पावणे, तुमचा प्रतिसाद मात्र राहू दे. तो विषयालाच धरून आहे.

---

फ्लेन्सबुर्गवाला

अरे, माझ्या गल्लीतला विषय! २०२४ ची युरोपिआडा आमच्या भागात, जर्मनी-डेन्मार्क सीमेवर झाली. यजमान एकदम तीन: डेन्मार्कमधले जर्मन, जर्मनीतले डॅनिश आणि उत्तर फ्रिजियन. त्याच वेळी जर्मनीत खरा युरो चषक चालू होता, त्यामुळे जगाचं लक्ष तिकडे आणि आमचं इकडे.

इथला इतिहास थोडक्यात. १९२० साली सार्वमत झालं. उत्तरेकडच्या पट्ट्याने डेन्मार्क निवडला, फ्लेन्सबुर्गच्या पट्ट्याने जर्मनी. रेघ कुठेही मारली तरी दोन्हीकडे थोडी माणसं 'चुकीच्या' बाजूला राहणारच. पुढे १९५५ साली बॉन (तेव्हाची पश्चिम जर्मनीची राजधानी) आणि कोपनहेगनच्या सरकारांनी दोन जाहीरनामे काढले. त्यातलं एक तत्त्व मला फार आवडतं: एखादा माणूस स्वतःला अल्पसंख्याक म्हणवतो की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं, सरकारी अधिकाऱ्याने ते तपासायचं नाही की त्यावर वाद घालायचा नाही.

माझी मुलगी इथल्या डॅनिश शाळेत जाते. आम्ही साताऱ्याचे! शाळा चांगली, घराजवळ, म्हणून घातली. आता ती डॅनिश बोलते, जर्मन बोलते, आणि आजीशी व्हिडिओ कॉलवर मराठी, त्यात दर चौथा शब्द डॅनिश. उद्या ती म्हणाली मी डॅनिश अल्पसंख्याक संघाकडून खेळणार, तर नाही कोण म्हणणार?

म्हणून मास्तरांना विचारतो, हे कुंपण आहे की फाटक?

---

भटकभवानी

हा प्रतिसाद वाचून धागा वाचल्याचं सार्थक झालं. साताऱ्याची डॅनिश अल्पसंख्याक! पेढे वाटा.

---

सुरवंट

पण सगळीकडे फाटक इतकं उघडं नसतं. कामानिमित्त दोन वर्षं दक्षिण टायरॉलमध्ये, बोल्झानोला होतो. तिथे जनगणनेच्या वेळी माणूस आपला भाषागट नोंदवतो: जर्मन, इटालियन किंवा लादिन. सरकारी नोकऱ्या आणि घरं त्या गटांच्या प्रमाणात वाटली जातात. म्हणजे भाषा ही मनातली गोष्ट राहत नाही, कागदावर येते. माझ्या घरमालकाची आई जर्मन भाषक, वडील इटालियन. तो म्हणायचा, "मला अर्धा-अर्धा लिहायला जागाच नाही."

संघाचंही तसंच. युरोपिआडामधली दक्षिण टायरॉलची निवड वेगळी आणि एफसी सुडटिरोल हा क्लब वेगळा. क्लब २०२२ साली इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत, सेरी बी मध्ये गेला, त्यात कुठूनही आलेले व्यावसायिक आहेत. गावातली गर्दी मला तरी क्लबाच्याच सामन्याला दिसली.

---

इरावती_उत्तरेकडची

दोन पैसे माझेही. उत्तर स्पेनमधल्या, स्वतःची वेगळी भाषा असलेल्या बास्क लोकांचं नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

१९३७. स्पेनमध्ये यादवी. बास्क सरकारचे प्रमुख होझे अन्तोनियो आगिर्रे, जे स्वतः तरुणपणी अ‍ॅथलेटिक बिल्बाओकडून खेळलेले, यांनी देशोदेशी सामने खेळून निधी आणि सहानुभूती मिळवायला एक संघ पाठवला. त्यात इसिद्रो लांगारा, लुइस रेगेइरो असे त्या काळचे पहिल्या फळीचे खेळाडू. पहिला सामना पॅरिसमध्ये रेसिंग क्लबविरुद्ध, ३–० जिंकले. तारीख होती २६ एप्रिल. त्याच दिवशी, बाजाराच्या सोमवारी, गेर्निका या बास्क गावावर बॉम्ब पडले.

पुढे चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, सोव्हिएत संघ. ते सोव्हिएत दौऱ्यावर असतानाच जूनमध्ये बिल्बाओ पडलं. म्हणजे ज्या सरकारने त्यांना पाठवलं त्याची जमीनच पायाखालून गेली. हे लोक परत कुठे जाणार? अटलांटिक ओलांडून मेक्सिकोला गेले आणि १९३८-३९ च्या हंगामात 'एउस्कादी' (म्हणजे बास्क प्रदेश) या नावाने चक्क मेक्सिकोच्या लीगमध्ये खेळले. दुसरे आले. पहिला आलेला क्लब अस्तुरियास, म्हणजे तोही स्पेनमधून आलेल्यांनीच काढलेला! हंगाम संपल्यावर संघ विस्कटला. लांगारा अर्जेंटिनात सान लोरेन्सोकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात रिव्हर प्लेटला चार गोल मारले.

या संघाचा विचार करताना 'वेगळा देश मागायची तालीम' हा प्रश्न मला थोडा लहान वाटतो. या संघाला त्या दोन वर्षांत गावही उरलं नव्हतं.

---

ऑफसाइड_अण्णा

इरावती, मानाचा मुजरा. हे मी लिहिणार होतो पण इतकं चांगलं जमलं नसतं.

---

शुद्धलेखन_दक्ष

'एउस्कादी' की 'युस्कादी'? आणि 'फुटबॉल' पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावर एकमत व्हावं. शीर्षकात 'अल्पसंख्याकांचं फुटबॉल' हे कानाला खटकतं.

---

टिंबटिंब

ही घ्या आपली खरी अल्पसंख्याक जमात.

---

गोंयकार_बाब

शांतपणे वाचत होतो. एक निरीक्षण: आपल्याकडे हे काम संतोष ट्रॉफीने १९४१ पासून केलंय. राज्यं भाषावार झाली, त्यामुळे बंगाल विरुद्ध केरळ म्हणजे आपोआप बंगाली विरुद्ध मल्याळी. गोव्याचा संघ मैदानात उतरला की आमच्या घरी रेडिओला कान लावून बसायचे, ते काय नकाशासाठी? युरोपातल्या या लोकांकडे राज्यच नाही, म्हणून त्यांना वेगळी स्पर्धा काढावी लागली.

---

बेळगावचा_पावणा

बाब, बरोबर. फक्त राज्य आपल्या भाषेचं असलं तर.

(पाहुणासाहेब, एवढंच. पुढं लिहीत नाही.)

---

फिफा_विरोधी_कृती_समिती

मान्यतेचं म्हणाल तर फिफा आणि युएफा (युरोपचा फुटबॉल महासंघ) यांचे नियम म्हणजे पावसाळ्यातलं छप्पर, कुठे गळतं कुठे नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड हे चार वेगळे, कारण ते जुने. फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात, लोक मूठभर, पण फिफात १९८८ पासून. मग २००१ च्या आसपास युएफाने नियम घट्ट केला की यापुढे संयुक्त राष्ट्रांनी मानलेला देशच हवा. जिब्राल्टरने आधीच अर्ज केलेला, म्हणून क्रीडा लवादात भांडून २०१३ ला आत आले. जो लवकर रांगेत उभा राहिला तो आत, बाकीचे बाहेर. यात तत्त्व कुठलं?

आणि आत घेतल्याने काय होतं ते फेरोंनी दाखवलं. १२ सप्टेंबर १९९०. घरी हिरवळीचं मैदान नाही म्हणून स्वीडनमध्ये लांड्सक्रोनाला 'घरचा' सामना. समोर ऑस्ट्रिया, नुकतीच विश्वचषक खेळून आलेली. फेरो १–० ने जिंकले! गोल करणारा टोर्किल निल्सन लाकडाच्या वखारीत विक्रेता, गोलकीपर गोंड्याची लोकरीची टोपी घालून उभा. ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली.

---

मळ्यातला_मास्तर

गोंड्याची टोपी वाचून मी विरघळलो. पण माझा मुद्दा सोडत नाही. मान्यता देताना कुठेतरी थांबावं लागणारच.

---

ऑफसाइड_अण्णा

मास्तर, थांबण्याची जागा कोण ठरवतो आणि किंमत कोण मोजतो हे कार्पातालयाच्या उदाहरणात दिसतं. कार्पातालया म्हणजे युक्रेनच्या पश्चिम टोकाचा, हंगेरियन वस्तीचा प्रदेश. तिथला जुना विनोद: एक म्हातारा सांगतो, "मी ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलो, चेकोस्लोव्हाकियात शाळेत गेलो, हंगेरीत लग्न केलं, सोव्हिएत संघात नोकरी केली आणि युक्रेनमध्ये निवृत्त झालो." "अरे वा, खूप फिरलात!" "छे, गाव कधी सोडलंच नाही."

२०१८ ला लंडनमध्ये कोनिफा विश्वचषक होता. हे लोक यादीत नव्हतेच, स्लोव्हाकियातल्या हंगेरियनांच्या फेलविदेक संघाने माघार घेतली म्हणून ऐनवेळी आले. आणि जिंकले! अंतिम सामना उत्तर सायप्रसशी ०–०, मग पेनल्टी. घरी परतल्यावर हार-तुरे? युक्रेनच्या तत्कालीन क्रीडामंत्र्यांनी सुरक्षा यंत्रणेने या खेळाडूंची चौकशी करावी असं जाहीर केलं आणि तिथल्या महासंघाने खेळाडूंवर बंदी घातली. क्रिमिया गेल्याला चार वर्षं झाली होती, त्यामुळे युक्रेनची भीती मला कळते. पण बळी गेला तो कुणा शनिवार-रविवारच्या खेळाडूचा.

जाता जाता: त्याच स्पर्धेत हिरवं कार्ड होतं. पंचाशी हुज्जत घातली किंवा नाटकी पडलात तर बाहेर, पण तुमच्या जागी दुसरा येऊ शकतो. या संस्थळावर लागू करावं.

---

टिंबटिंब

मला पहिलं मिळेल. माझ्या जागी शुद्धलेखन_दक्ष.

---

बर्मिंगहॅमची_मावशी

पंजाबचा संघ कुणी सांगितला नाही. तोही कोनिफातला, इंग्लंडमधल्या पंजाबी पोरांचा. २०१६ ला अबखाझियात (जॉर्जियातून फुटलेला प्रदेश) सुखुमीला अंतिम फेरीत पोचले आणि यजमानांशी पेनल्टीवर हरले. माझ्या शेजारच्या काकू तेव्हा म्हणाल्या होत्या, "हमारा पंजाब, दोनों तरफ का." सीमेच्या दोन्हीकडच्या घरांतली मुलं एका जर्सीत. मला त्यात तालीम-बिलीम काही दिसली नाही.

---

फ्लेन्सबुर्गवाला

मावशी, मग मराठी संघ का नाही? युरोपभर मंडळं आहेत.

---

सोडरतेल्येची_सून

कारण आधी दोन संघ होतील. वर लिहिलंय :)

---

हिवाळी_पाहुणा

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. इरावतींचा प्रतिसाद सहकाऱ्याला तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, तुमच्या संघाला पुढे काय हवंय, मान्यता? हसला. म्हणाला, आमच्या गावात माझ्या वर्गात सोर्बियन बोलणारी २२ मुलं होती, माझ्या मुलीच्या वर्गात ७ आहेत. २०१२ च्या त्या आठवड्यात लाउडस्पीकरवरून गोल सोर्बियनमध्ये जाहीर होत होते. एरवी ती भाषा लाउडस्पीकरवर फक्त चर्चमध्ये ऐकू येते.

मी विचारलं, मैदानावर खेळाडू आपापसात कुठल्या भाषेत ओरडतात? तर म्हणे, पास मागताना सोर्बियन, गोल हुकला की जर्मन.

---

गोंयकार_बाब

आमचंही तसंच. पास कोकणीत, शिवी पोर्तुगीजमध्ये.

---

शुद्धलेखन_दक्ष

सोर्बियनमध्ये 'ऑफसाइड'ला काय म्हणतात?

---

हिवाळी_पाहुणा

सोमवारी विचारून सांगतो.